काम न करणारं पाणी

जिजी रामेश्वरला जाऊन आली, त्याचं पाप माझ्या माथ्यावर आहे. रामेश्वराला जाणाऱ्याला पुण्य लागतं, पाठवणाऱ्यालाही लागतं, असं म्हणतात. जिजीच्या गावची माणसं शहाद्याच्या बाजारात भेटली की अजून म्हणतात, "मास्तर, तुम्ही व्हतात म्हनीसन जिजीले यात्रा घडनी." मी मान खाली घालतो. त्यांना तो माझा विनय वाटतो.

खरं असं आहे की जिजीला रामेश्वरला जायचंच नव्हतं. म्हैसूरजवळच्या धरणाखाली एक मोठी बाग आहे, तिथे दिवे लागले की कारंजी रंगीत होतात, ती बघायला तिला जायचं होतं. आणि एकटीनं जायचं होतं. मी एक शब्द खोटा बोललो. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा बोललो तेव्हा काही सारवासारव करता आली असती. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

जिजीचं खरं नाव मी लिहीत नाही. तापीकाठच्या त्या गुजर शेतकऱ्यांच्या गावात लहानथोर सगळे तिला जिजीच म्हणत. मी रनाळ्याचा. ट्रेनिंग संपवून पहिली नेमणूक त्या गावच्या शाळेत मिळाली आणि राहायला जागा मिळेना, कारण मी बिनलग्नाचा होतो. कुणीतरी जिजीचं घर दाखवलं. ती ओट्यावर उभ्यानं जेवत होती. भाकरीवर भाजी, भाकरी तळहातावर.

"लगीन व्हयेल शे का?" तिनं विचारलं.

"नाही."

"सयपाक येस का?"

"थोडाफार."

"मंग ऱ्हाय. ती गोठाना बाजूनी खोली ली ले. भाडं नको. शाळामा भितवर भारतना नकाशा शे ना? तो रोज सांजले आनाना आनी मले दखाडाना."

मला वाटलं, थट्टा करते आहे. पण दुसऱ्या दिवशी मी नकाशा न आणता घरी आलो, तर खोलीला कुलूप होतं.

तिचं वय पन्नाशीच्या आसपास असेल. उंच, हाडापेरानं मोठी. मूल नव्हतं. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती. केळीचं आणि कापसाचं शेत ती स्वतः बघे. थंडीत लुगड्यावरून नवऱ्याचा काळा कोट घाली. त्या कोटाच्या खिशांत अडकित्ता, गुळाचा खडा, सुतळी असलं काही काही असे, आणि एक मोठी पितळी चावी. मी एकदा विचारलं, "जिजी, ही कुठली चावी?"

"आजून कुलूप सापडनं नही."

बसून जेवलं की झोप येते, असं तिचं म्हणणं. म्हणून ती उभ्यानंच जेवे. सकाळची एस.टी. गावावरून जायची तेव्हा ती ओट्यावरून हात वर करी, थांबवायला नाही, नुसती ओळख द्यायला. ड्रायव्हर हॉर्न वाजवी. एखाद्या दिवशी नवा ड्रायव्हर असला आणि त्यानं गाडी थांबवली तर जिजी त्याला म्हणे, "जाय बाबा, जाय. मी आजून तयार नही."

बागेचं वेड तिला सारंगखेड्याच्या यात्रेत लागलं. दत्ताच्या यात्रेला ती बैल बघायला गेली होती. तिथे एक बायोस्कोपवाला पेटी घेऊन बसला होता. भोकाला डोळा लावायचा, तो दांडा फिरवतो आणि आत ताजमहाल, कुतुबमिनार, आगबोट अशी चित्रं सरकतात. त्यात हे म्हैसूरचं चित्र होतं. जिजीनं ते पाहिलं, पुन्हा पैसे देऊन पाहिलं, आणि तिसऱ्यांदा दांडा मध्येच थांबवायला लावला. मागे रांग लागली. बायोस्कोपवाला म्हणाला, "माईजी, औरों को भी देखने दो." जिजी पेटीवरून डोळा न काढता म्हणाली, "त्यासले ताजमहाल दखाड. हाई मन्हं शे."

ही हकिगत तिनंच मला सांगितली. मी म्हटलं, "जिजी, दारात तापी आहे. पाण्याचं काय एवढं?"

ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. शाळेत मी मठ्ठ मुलाकडे बघायचो तशी. "तापीनं पाणी कामनं पाणी शे, मास्तर. विहिरनं बी कामनं. केळीले द्या, ढोरेसले पाजा, धुनं धुवा, मयतनी राख बुडावा. मन्ही सारी जिंदगी काम करनारं पाणी देखामा गयी. तठलं पाणी नुसतं नाचस. काहीच काम नही करस. ते मले एकदाव देखनं शे."



रोज संध्याकाळी नकाशा जमिनीवर पसरायचा. चार कोपऱ्यांवर ती चार कांदे ठेवी. मग आमच्या तापीवर अंगठा टेकवून करंगळी खाली म्हैसूरकडे ताणी. वीत पुरत नसे. "दीड वीत," ती म्हणे, "यान्हामा घाबरानं काय?" मी तिला वाट पाठ करून दिली होती. नंदुरबारहून जळगाव, मग मनमाड, दौंड, पुणे, तिथून मिरज, हुबळी, बंगळूर, म्हैसूर. ती ही नावं गोठ्यात धार काढताना म्हणे. म्हैस मध्येच हलली की पुन्हा नंदुरबारपासून सुरुवात.

एकटीनं प्रवास कधी केला नव्हता, म्हणून तिनं सराव सुरू केला. दुधात पीठ मळून दशम्या भाजल्या आणि एका फडक्यात बांधून खुंटीला टांगल्या. रोज त्यातली एक तोडून खाई, कितव्या दिवशी आंबते ते बघायला. शेवटी पोट बिघडलं तेव्हा खूश झाली. "आते समजनं. बंगळूरपावत चालतीन. म्होरे इकत लेनं पडी."

दुसरा सराव हॉटेलचा. शहाद्याला एस.टी.नं एकटी गेली आणि बाजारातल्या हॉटेलात टेबलाशी बसून चहा मागवला. आमच्या भागात त्या काळी बाई हॉटेलात शिरतच नसे, विधवा तर नाहीच. मालकानं विचारलं, "माय, संगे कोन शे?" ती म्हणाली, "चहा." हा प्रसंग गावात तिच्याआधी येऊन पोचला होता.

तिसरा सराव नंदुरबारच्या स्टेशनवर झाला. ट्रंक उशाला घेऊन बाकावर झोपता येतं का, ते बघायला ती एका दुपारी तिथे गेली. हमालानं उठवलं. कुठली गाडी, म्हणून विचारलं. "गाडी नही," जिजी म्हणाली, "नुसती झोप शे." पण त्याच्याशी गप्पा मारताना म्हैसूरचं सगळं तिनं त्याला सांगून टाकलं. लपवायचं असतं हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

नंदुरबारच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा लग्नानंतर बायकोला घेऊन ती बाग बघून आला आहे असं कळलं, तर ती त्यांच्या घरी जाऊन बसली. मीही बरोबर होतो. नवी सून डोक्यावर पदर घेऊन चहा घेऊन आली.

"बेटा, वारा उना तं ते पाणी आंगवर येस का?"

सून लाजून म्हणाली, "येतं थोडं."

"रंगनं डाग पडतस का?"

"नाही, रंग दिव्यांचा असतो."

"तठे ऱ्हावानं हॉटेल शे म्हनतस. खिडकीमाथीन देखास का?"

सुनेनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बघायला लागला. जिजी मला बाहेर आल्यावर म्हणाली, "यासनी काहीच देखं नही. एकमेकसनं तोंड देखत बसनात. म्हनीसनच मले एकलं जानं शे."

शेजारच्या बायका तिला शहाणपणा शिकवत. "जिजी, बागले जाय, नही कोन म्हनस? पन नाव देवनं सांग. कोनी बोलाव नही." जिजीला ते मान्य नव्हतं. "देवना नाववर मी मजा करू नही. देव काय मन्हा गुमास्ता शे? मजानं नाव मजाच." असं ती भर पाणवठ्यावर बोलायची. बायकांना हसू यायचं, आणि घरी जाऊन त्या हे नवऱ्यांना सांगायच्या.

जिजीचे दीर गावचे मोठे शेतकरी. त्यांना सगळे आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. जिजीच्या शेताच्या बांधावरून कधी तंटा केला नाही. पण चारचौघांत मान खाली जाऊ नये, एवढं एकच भय त्यांना आयुष्यभर होतं. शाळेच्या कमिटीतही त्यांचा शब्द चाले.

जिजीचं निघणं दोन-तीन दिवसांवर आलं तेव्हा आबा शाळेत आले. मुलं सुटली होती. मी फळा पुसत होतो. आबांनी दार लोटलं, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, तुम्ही शिकेल माणूस. खरं सांगा. वहिनी कोठे जाई ऱ्हायनी?"

मी फळा पुसतच राहिलो.

"हॉटेलमा चहा पेस. टेशनवर झोपस. बाजारमा लोके मन्हा तोंडवर हसतस. आनी मास्तर, लोके तुमनं बी नाव लेतस. एकली बाई, घरमा जवान मास्तर, दोन्ही मियीसन रोज नकाशा देखतस. मी काही म्हनत नही. पन कमिटीमा कोनी इचारं तं मी काय सांगू?"

माझी पहिली नोकरी. रनाळ्याला म्हातारे आईवडील. माझ्या लग्नाची बोलणी चालू होती. मी आबांच्या टोपीकडे बघत म्हणालो, "रामेश्वरला जाते आहे, आबा. यात्रेला."

आबांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, किती साधं होतं हे. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "मंग पहिलेच सांगानं ना, मास्तर! आमना घरनं नाव निंघी. तिले आते काहीच बोलू नका. तिले गर्दी आवडत नही. आयते येळले आम्ही वाजतगाजत धाडसूत."

घरी येताना मी मनाशी हिशेब जुळवत होतो. गावाला वाटू दे रामेश्वर. ती जाईल म्हैसूरला. कोण बघायला जातंय? मी तिची वाट मोकळीच केली, असं मी स्वतःला सांगितलं. त्या संध्याकाळी तिला हे सांगायचं ठरवलं होतं. ती नकाशावर कांदे ठेवत होती, मला धीर झाला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही झाला नाही.

एक गोष्ट मी विसरलो होतो, आणि खानदेशात जन्मलेल्या माणसानं ती विसरायला नको होती. मजेला निघालेली बाई एकटी असते. यात्रेला निघालेली बाई सगळ्या गावाची होते. तिच्याबरोबर प्रत्येक घर थोडं थोडं जातं. कुणाचा नारळ, कुणाची ओटी, कुणाचा नवस. नाही म्हणायची तिला सोय नसते.

निघायच्या सकाळी जिजी कोट घालून, ट्रंक आणि दशम्यांचं गाठोडं घेऊन ओट्यावर आली, तर अंगणात ढोल वाजायला लागला. झांजा वाजवत भजनी मंडळी आली. आबा नव्या धोतरात. आबांची बायको आणि आणखी दोघीजणी आपापल्या वळकट्या घेऊन. आबांचा गुमास्ता खांद्याला पिशवी लावून.

"कोन्हं लगीन शे?" जिजीनं विचारलं. सगळे हसले. आबांच्या बायकोनं तिच्या गळ्यात हार घातला. बायका पाया पडायला लागल्या. ती पाय मागे घेत होती.

मग गर्दीतून सुताराची म्हातारी पुढे आली. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता. त्याच्या अस्थी प्रकाशा गावी तापीच्या संगमावर सोडल्या होत्या, पण चिमूटभर तिनं लाल फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. ती पुरचुंडी तिनं दोन्ही हातांवर धरली होती.

"जिजी, म्हतारा मरस तोपावत म्हने, मले रामेसर घडनं नही. तू जाई ऱ्हायनी तं येले बी लई जाय, माय."

"रामेसर?" जिजी म्हणाली.

ढोल थांबला होता. तिनं आबांकडे पाहिलं, त्या तीन वळकट्यांकडे पाहिलं, गुमास्त्याकडे पाहिलं. तिच्या ध्यानात आलं असावं. मग ती माझ्याकडे वळली. मी गोठ्याच्या कुडाला टेकून उभा होतो. तिच्या आवाजात राग नव्हता. वर्गात एखादं मूल खरंच अडलं की विचारतं, तसं तिनं विचारलं,

"मास्तर, मी कोठे जाई ऱ्हायनू?"

मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? आबांची मान खाली गेली असती. मला कदाचित बदली मिळाली असती. सुताराच्या म्हातारीला वाईट वाटलं असतं. कुणी मेलं नसतं. अंगण माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी शुद्ध मराठीत, फळ्यावर लिहावं तसं म्हणालो, "रामेश्वरला, जिजी."

तिनं माझ्यावरून नजर काढली. कोटाला हात पुसले, पुढे होऊन ती पुरचुंडी घेतली. "बरं," म्हणाली. आबांची बायको हळूच म्हणाली, "जिजी, यात्रामा कोट बरा दिखत नही." जिजीनं कोट काढून ओट्यावर ठेवला. एस.टी. आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि त्या दिवशी जिजीनं हात वर केला नाही.

पुढचं मला आबांच्या बायकोकडून कळलं. ती हौशीनं सांगायची. दौंडपर्यंत म्हैसूरची आणि रामेश्वरची वाट एकच. दौंडला पुण्याची गाडी समोरच्या फलाटावर उभी होती. जिजी फलाटाच्या मधोमध उभी राहिली. हलेना. "आम्ही म्हनूत, जिजी, ती गाडी नही, हाई गाडी. तरी देखतच ऱ्हायनी. मंग आम्ही तिन्हीसनी हात धरीसन बसाडी." हे सांगताना आबांची बायको हसायची. मीही हसल्यासारखं करायचो.

रामेश्वरला समुद्र बघून बायका गहिवरल्या. जिजी म्हणाली, "हाई पाणी तं आपलाथीन बी जास्त काम करस. साऱ्या दुनियानं पाप धवस." म्हाताऱ्याच्या अस्थी तिनं नीट सोडल्या. पंड्यांनी सांगितलं, आवडीची एक वस्तू देवाला सोडून जा. आबांच्या बायकोनं वांगं सोडलं. आमच्याकडे वांगं सोडणं सोपं नाही, पुढे कितीतरी वर्षं भरताचा वास आला की ती उठून जायची. दुसरीनं भेंडी सोडली, तिसरीनं सीताफळ. जिजीला विचारलं, तू काय सोडते?

"मी घरथीनच सोडी उनू," ती म्हणाली.

परत आल्यावर गावानं मावंदं घातलं. मोठी पंगत झाली. मीही जेवलो. जिजी पाटावर बसली होती आणि सगळे तिच्या पाया पडत होते. त्या दिवसापासून ते थांबलंच नाही. शहाद्याच्या हॉटेलचा मालक तिला बघून उठून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, आत पडद्यामागे बसवलं, पैसे घेतले नाहीत. ती पुन्हा गेली नाही. एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्नऐवजी हात जोडायला लागला. बायका तिला लहान बाळांच्या डोक्यावर हात ठेवायला बोलवायच्या. लोकांनी वेडी म्हटलं तेव्हा ती मोकळी होती. मी तिला पुण्यवान करून टाकलं. रामेश्वर झालेली बाई पुन्हा कशाला बाहेर पडते? आता तिला कुणी अडवत नव्हतं, कारण कुणाच्या मनात यायचंच नाही की हिला अजून कुठे जायचं असेल.

ती परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी नकाशा घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, "आते शाळामाच ऱ्हाऊ दे. पोरेसले लागस."

"मग भाडं काय देऊ, जिजी?"

"नको."

मी त्या खोलीत आणखी वर्षभर फुकट राहिलो. ती मला ताक द्यायची, आजारी पडलो तर काढा द्यायची. माझ्या दारावरून जाताना एक वाकडा शब्द तिनं कधी टाकला नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "जिजी, त्या दिवशी..." ती म्हणाली, "दूध उतू जास का देख." मी उठून दूध पाहिलं आणि मला बरं वाटलं, की बोलायचं टळलं. हे बरं वाटणं मला नंतर जास्त टोचलं. शेवटी मीच अर्ज करून तळोद्याकडे बदली घेतली.

लग्न झालं, मुलं झाली. शिक्षकांच्या बैठकीत कधी गप्पा रंगल्या की मी जिजीच्या गोष्टी सांगायचो. आंबलेल्या दशम्या, स्टेशनवरची झोप, "हाई मन्हं शे." लोक पोट धरून हसायचे. शेवट मी सांगायचो तो असा, की मास्तरांच्या युक्तीनं म्हातारीला यात्रा घडली. हा शेवटसुद्धा लोकांना आवडायचा.

एकदा घरी पाहुणे होते, तेव्हाही मी तो सांगितला. पाहुणे गेल्यावर बायको भांडी आवरत म्हणाली, "मंग तुम्ही तिले काय सांगं?"

"कुणाला?"

"जिजीले."

"काही नाही."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "इतला वरीस?" एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मी त्या गावाला गेलो. सकाळची वेळ होती. जिजी ओट्यावर होती, पण बसून. गुडघे गेले होते. एस.टी.ची पायरीही आता तिच्यानं चढवत नाही, हे मला तिथे पोचायच्या आधी ड्रायव्हरनंच सांगितलं होतं. आबा, पार थकलेले, बाजेवर टेकले होते. त्यांची बायको आणि सुताराची म्हातारी शेंगा फोडत होत्या. मला बघून सगळ्यांना आनंद झाला. मास्तर उना, मास्तर उना. मला कळलं की आता बसलो, चहा घेतला, तर पुन्हा राहून जाईल. मी उभ्यानंच सुरुवात केली.

"आबा, मला सगळ्यांच्या देखत एक सांगायचं आहे. जिजी त्या वेळी रामेश्वरला निघालीच नव्हती. ती म्हैसूरला निघाली होती. रामेश्वर मी बनवून सांगितलं. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोललो."

सुताराच्या म्हातारीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे आमना म्हताराले रामेसर घडनं नही?"

"घडलं ना. जिजीनं स्वतः सोडलं."

"मंग झायं तं," ती म्हणाली आणि शेंग फोडली.

आबा हसले. "मास्तर, हाई आम्हले ठाऊक नव्हतं का? नंदुरबारना हमालनी साऱ्या बाजारमा सांगेल व्हतं, बाई म्हैसूर जाई ऱ्हायनी. पन तुम्ही रामेसर म्हनात आनी साऱ्यासनं निभी गयं. तुम्ही शिकेल माणूस, तुमनं आयकं आम्ही. आते कसाले उकरतस? बठा, चहा पेवा."

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या खोट्यानं कुणी फसलंच नव्हतं. त्यांना ते हवं होतं आणि मी ते त्यांच्या हातात ठेवलं होतं. इतकी वर्षं जपून आणलेली कबुली घेऊन मी अंगणात उभा होतो, आणि ती कुणालाच नको होती.

मग जिजी ओट्यावरून माझ्याकडे वळली. ती म्हणाली, "हाई तू कोनले सांगी ऱ्हायना, मास्तर? यासनं काय गयं?"

मी ओट्याजवळ गेलो. "जिजी, दिवाळीची सुट्टी येते आहे. मी तुम्हाला घेऊन जातो. गाडीत चढवतो, उतरवतो, सगळं मी बघतो. म्हैसूरला."

ती हसली. रामेश्वरनंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण ते हसू लवकर विझलं.

"मले एकलं जानं व्हतं, मास्तर. तुले आजून तेच समजनं नही."

तेव्हा मला कळलं. आताही मी तिच्यासाठी ठरवतच होतो. आबांची बायको चहा करायला आत गेली होती. मी ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलो. त्या गावात मी नेहमी शाळेतली मराठी बोललो होतो. तिला 'तुम्ही' म्हणत आलो होतो. त्या दिवशी घरी आईशी बोलतो तशी भाषा तोंडात आली.

"जिजी, तुन्ही चारचौघासमा मले इचारं व्हतं. खरं बोलनं मन्हा हातमा व्हतं. मी मन्ही नोकरी वाचाडी, मन्हं नाव वाचाडं, आनी तुन्ही वाट मोडी टाकी. तुन्हं भलं करं, आसं मी मले सांगत ऱ्हायनू. भलं नही करं. मी भ्यायनू. ते आते भरी येवाव नही, हाई बी मले समजस. मी चुकनू, जिजी. मले माफ कर."